पगारातली तफावत ४ टक्के की २१ टक्के? आधी छेदात कोण आहे ते पाहा

सांगलीच्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी पुण्यात डेटा इंजिनिअर, हातात दोन नव्या नोकऱ्या: एक इटलीत बोलोन्याला, दुसरी एस्टोनियात तालिनला. त्यांनी नेटवर बायका-पुरुषांच्या पगारातली तफावत पाहिली. २०२२ साठी इटली ४.३ टक्के, एस्टोनिया २१.३ टक्के. "मग इटलीच बरी म्हणायची का? आणि युरोपचा तो समानता निर्देशांक आहे, त्यात स्वीडन पहिला. पण बायकांवरच्या अत्याचाराच्या आकड्यांतही स्वीडन वरच. हे काय गौडबंगाल आहे? आणि एवढं मोजून त्यांच्याकडे काही बदललं का?"

माझी वीसेक वर्षं घरोघरच्या पाहण्यांचे आकडे साफ करण्यात गेली, त्यातली बरीचशी नेदरलँड्समध्ये. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पगाराच्या आकड्यावरून मला आपल्याकडची दहावी आठवते. शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा सोपा उपाय म्हणजे कच्ची मुलं नववीतच अडकवायची, नाहीतर त्यांना बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. मग फळ्यावर जो आकडा लागतो तो खोटा नसतो. फक्त छेदातून पोरं काढलेली असतात. इटलीच्या ४.३ टक्क्यांची गोष्ट बरीचशी अशीच आहे.

युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचं आकडेवारीचं खातं, ही तफावत काढतं ती अशी: दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांतल्या पुरुषांची सरासरी ताशी कमाई घ्यायची, बायकांची घ्यायची, आणि फरक पुरुषांच्या कमाईच्या टक्क्यांत सांगायचा. म्हणजे नोकरीत असलेल्याच बायका मोजल्या. घरी असलेली, नवऱ्याच्या दुकानात बसणारी, चार जणांच्या कचेरीत टायपिंग करणारी, यांतली एकही हिशेबात नाही. इटलीत त्या वर्षी २० ते ६४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५५ टक्के कामावर होत्या, पुरुष सुमारे ७५ टक्के. खाली सिसिलीकडे गेलात तर तिघींत एक, असा हिशेब. मग नोकरीत उरल्या कोण? शिकलेल्या, सरकारी खात्यातल्या, शाळेत शिकवणाऱ्या. तुटपुंज्या पगारावर जाऊन तो पाळणाघराला भरण्यापेक्षा घरी राहिलेलं बरं असं ज्यांना वाटलं, किंवा वाटायला लावलं गेलं, त्या आधीच गळाल्या. उरलेल्यांची सरासरी पुरुषांच्या जवळ येणारच.

'वाटायला लावलं' हे उगाच म्हणत नाही. इटलीत एक प्रकार वर्षानुवर्षं चालायचा. नोकरीवर घेतानाच मुलीकडून तारीख न घातलेला राजीनामा सही करून घ्यायचा आणि तो कपाटात ठेवून द्यायचा. ती गरोदर राहिली की कागद काढायचा, तारीख टाकायची, संपलं. हे थांबवायला २००७ मध्ये कायदा झाला, २००८ मध्ये सरकार बदललं तसा तो रद्द झाला, पुढे २०१२ मध्ये पुन्हा नियम आले, आणि २०१६ पासून राजीनामा ऑनलाइनच द्यायचा अशी सोय केली, म्हणजे तारीख सरकारी यंत्रणेत पडते. कपाटातल्या त्या कागदांचा हिशेब कुठल्याच पगार-तफावतीत येत नाही. ती बाई गेली की तिच्यासोबत तिचा कमी पगारही सरासरीतून जातो, आणि देशाचा आकडा सुधारतो!

एस्टोनियात उलट. तिथे ऐंशी टक्क्यांच्या आसपास बायका कामावर. सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची, वृद्धाश्रमातली, बालवाडीतली, सगळ्या छेदात आहेत. शिवाय मूल झाल्यावर दीडेक वर्षाच्या आतबाहेर पूर्वीच्या पगाराच्या हिशेबाने भत्ता मिळतो आणि मूल तीन वर्षांचं होईपर्यंत रजेवर राहता येतं. सोय चांगली आहे, पण ती घेतात मुख्यतः बायकाच. परत येईपर्यंत शेजारच्या टेबलावरचा पुरुष दोन बढत्या पुढे गेलेला असतो. त्यात आयटी आणि बांधकाम पुरुषांचं, शिकवणं आणि देखभाल बायकांची, ही वाटणी घट्ट. म्हणजे २१ टक्के हा आकडा खरा आहे आणि बोचणाराही आहे. पण तो सगळ्यांना मोजून आलेला आहे.

दोन्ही देश एका तागडीत घालायचे तर तीन गोष्टींचा गुणाकार करावा लागतो: ताशी पगार, महिन्याचे तास, आणि मुळात कामावर किती जणी. युरोस्टॅट असा एकत्रित आकडाही काढतं. २०१८ च्या हिशेबात युरोपीय संघाची सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास होती, इटली ४० च्या वर, आणि एस्टोनिया सरासरीच्या खाली. क्रम उलटला. त्याच खात्याची आकडेवारी. छेद तेवढा बदलला.

आता निर्देशांक. लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसला, युरोपीय संघाची लिंगसमानतेसाठीची एक संस्था आहे. २००६ च्या नियमाने स्थापन झाली, २०१० पासून कामाला लागली आणि २०१३ मध्ये तिने पहिला निर्देशांक काढला. काम, पैसा, ज्ञान, वेळ, सत्ता, आरोग्य अशी सहा क्षेत्रं, त्यांत मिळून २०२४ पर्यंत ३१ निर्देशक, म्हणजे मोजायच्या बाबी, आणि गुण १ ते १००. २०२३ च्या आवृत्तीत संघाला ७०.२ गुण होते, स्वीडनला ८२.२, तळाला रोमानिया ५६.१. इटली ६८.२, एस्टोनिया ६०.२.

बहुतेक लोक इथेच फसतात. ७० गुण म्हणजे 'सत्तर टक्के समानता' नव्हे. उदाहरणाने सांगते. समजा एका देशात ४० टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष कामावर आहेत. दुसऱ्यात ७० टक्के बायका, ८० टक्के पुरुष. नुसती दरी पाहिली तर पहिला देश समतेचा ठरेल, कारण तिथे दोघांनाही सारखंच काम नाही. समान दारिद्र्याला पैकीच्या पैकी गुण द्यायचे का? व्हिल्नियसच्या मंडळींनी यावर तोड काढली. दरी मोजून झाली की तिला देशाच्या एकूण पातळीने गुणायचं: देशाचा आकडा भागिले सगळ्यांत चांगल्या देशाचा आकडा, आणि त्याचं वर्गमूळ. वरच्या उदाहरणात दुसरा देश सगळ्यांत पुढचा धरला, तर त्याला ९३ गुण मिळतात आणि पहिल्याला ७२. म्हणजे या गुणांत दोन गोष्टी एकत्र कालवल्या आहेत, बायका-पुरुषांतली दरी आणि देशाचं बरं चाललं आहे की नाही. श्रीमंत देशाला इथे थोडा फायदा मिळतो. रोमानियाचे गुण वाचताना हे विसरू नये.

आणखी एक बारकावा मला आवडतो. दरी कुठल्याही बाजूची असो, गुण कापले जातात. विद्यापीठातून पदवी घेणाऱ्यांत मुली पुढे गेल्या, मुलं मागे राहिली, तर तेही विषमतेतच धरतात. जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष दरीच्या यादीत, जी आपल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी 'भारत १२९ वा' अशी छापून येते (तो २०२४ चा क्रमांक), तसं नाही. तिथे बायका बरोबरीला आल्या की गुण पूर्ण. आइसलँड त्या यादीत २००९ पासून पहिला आहे, आणि व्हिल्नियसच्या निर्देशांकात तो मुळीच नाही, कारण तो युरोपीय संघात नाही. लोक दोन्ही याद्या सरमिसळ करून भांडतात.

सहा क्षेत्रांची बेरीज साधी सरासरी नसते, गुणोत्तर मध्य असतो. पाच विषयांत ९० आणि एकात ३० असेल तर साधी सरासरी ८० येते, हा मध्य ७५ च्या आसपास. एका विषयातली नापासी बाकीच्यांना झाकता येऊ नये एवढाच हेतू. कुठल्या क्षेत्राला किती वजन द्यायचं ते तज्ज्ञांना विचारून ठरवलं: ज्ञानाला सगळ्यांत जास्त, ०.२२, आरोग्याला सगळ्यांत कमी, ०.१०. दुसऱ्या तज्ज्ञांना विचारलं असतं तर वजनं वेगळी आली असती. यात लपवाछपवी काही नाही, सगळं छापलेलं आहे, फक्त ती पानं कोणी वाचत नाही.

आणि हो, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पुस्तिका शेजारी ठेवून 'प्रगती' काढू नका. २०१५ च्या आवृत्तीत संघाला ५२.९ गुण होते, २०१७ च्या आवृत्तीत ६६.२. दोन वर्षांत युरोपभरच्या नवऱ्यांनी भांडी घासायला घेतली असं काही झालं नव्हतं. मोजायची रीत बदलली होती, एवढंच. नव्या रीतीने मागची वर्षंही पुन्हा मोजली तेव्हा दहा वर्षांतली खरी वाढ चारच गुणांची निघाली. २०२५ मध्ये निर्देशकांची मांडणी पुन्हा बदलली आणि आदल्या वर्षीचे ७१ जाऊन ६३.४ आले. त्याचे 'युरोप घसरला' असे मथळे करणाऱ्यांनी कृपा करून पद्धतीचं परिशिष्ट चाळावं.

इटलीची चढाई मात्र एकाच मापाने मोजलेली आहे. २०१० च्या आकडेवारीवर इटली आणि एस्टोनिया दोघंही ५३ च्या आसपास होते. पुढे इटली पंधराएक गुणांनी चढली, युरोपात सगळ्यांत जास्त. कशाने? मुख्यतः 'सत्ता' या क्षेत्राने. २०११ मध्ये तिथे कायदा झाला: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर आधी एक पंचमांश, मग एक तृतीयांश बायका हव्यात. पुढे तो वाटा दोन पंचमांश केला. पाच टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण दहाएक वर्षांत चाळिशीला पोचलं. 'काम' या क्षेत्रात मात्र इटली २०२३ मध्ये सत्तावीस देशांत शेवटचीच होती. मिलानच्या मंडळांवर बायका आल्या, सिसिलीतल्या पालेर्मोची बाई होती तिथेच आहे, आणि एकूण गुण वाढले. कोट्याला मी नावं ठेवत नाही. जे मोजलं त्यावर कायदा झाला आणि ते हललं. पण कुठला काटा कशाने हलला ते सुटं करून पाहायला हवं.

कोट्याचं मूळ उदाहरण नॉर्वेचं. २००३ चा कायदा, ४० टक्के, आणि २००८ च्या आत न पाळणारी कंपनी विसर्जित होणार अशी धमकी. सगळ्यांनी पाळलं. त्याच त्याच मोजक्या बायका अनेक मंडळांवर दिसू लागल्या तेव्हा नॉर्वेत त्यांना 'सोनेरी परकर' म्हणू लागले. आपल्याकडे 'सरपंचपती' हा शब्द निघाला तसंच, थट्टा कायद्याच्या मागोमाग येतेच. पण पुरुष वर्षानुवर्षं दहा-दहा मंडळांवर बसायचे तेव्हा त्यांच्या पाटलोणीला कोणी रंग दिला नव्हता. त्या कंपन्यांत खालच्या पायऱ्यांवर काम करणाऱ्या बायकांच्या पगारात मात्र फारसा फरक पडला नाही असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. वरून पाणी आपोआप झिरपत नाही.

मला विचाराल तर सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत महत्त्वाचं मोजमाप वेळेचं. युरोपातल्या वेळ-वापराच्या पाहण्यांत माणसाला एक वही देतात. पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास, दहा-दहा मिनिटांच्या ओळी. एका रकान्यात 'मुख्य काय करत होता', शेजारी 'त्याबरोबर आणखी काय', पुढे 'सोबत कोण'. एकदा एका जोडप्याच्या वह्या माझ्यासमोर होत्या. संध्याकाळी ५.४० ते ६.१०. त्याच्या वहीत: मुलांबरोबर टीव्ही. तिच्या वहीत मुख्य रकान्यात: टीव्ही. शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरात: इस्त्री. नियम असा की मुख्य रकान्यात जे लिहिलं ते मुख्य. तक्त्यात दोघांनीही तीस मिनिटं टीव्ही पाहिला. माझ्या हाताखालून अशा कितीतरी इस्त्र्या गेल्या.

भारताच्या २०१९ च्या पाहणीत ओळी अर्ध्या तासाच्या होत्या. तरी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि करणाऱ्या पुरुषांची ९७ एवढं निघालं. 'करणाऱ्या' हा शब्द पुन्हा वाचा. जे पुरुष काहीच करत नाहीत ते या ९७ च्या छेदात नाहीत.

युरोपची अडचण वेगळीच झाली. वेळेची आकडेवारी २०१६ नंतर बरीच वर्षं आलीच नाही. निर्देशांक दरवर्षी निघत होता, पण 'वेळ' क्षेत्रात तेच शिळे आकडे गरम करून वाढत होते. करोनाच्या काळात घराघरांत जे झालं ते त्या गुणांत नव्हतंच. शेवटी व्हिल्नियसच्या संस्थेने २०२२ मध्ये स्वतःची पाहणी केली. रोज स्वयंपाक-घरकाम करणाऱ्या बायका २०१६ मध्ये ७९ टक्के होत्या, त्या ६३ वर आल्या. पुरुष ३४ वरून ३६. दरी घटली, गुण वाढले. पण दरी कशी घटली ते बघा: पुरुष जागेवरच आहेत, बायकांनी करणं सोडलं. (पाहणीची पद्धतही बदलली होती, तेव्हा या आकड्यांवर फार जोर देऊ नये.) ते काम कुठे गेलं? थोडं डबाबंद जेवणाकडे, थोडं तासावर येणाऱ्या बाईकडे, आणि ती बाई पुष्कळदा रोमानियातून नाहीतर फिलिपिन्समधून आलेली. तिच्या स्वतःच्या घरचं घरकाम कोण करतं, याला कुठल्याच रकान्यात जागा नाही.

नेदरलँड्सबद्दल थोडं, कारण तिथे राहिले आहे. २०२२ आणि २०२३ च्या निर्देशांकांत तो देश दुसरा-तिसरा होता. तिथल्या नोकरदार बायकांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त अर्धवेळ काम करतात, युरोपात सर्वाधिक. बऱ्याच प्राथमिक शाळा बुधवारी दुपारी साडेबाराला सुटतात. फाटकाशी सायकली घेऊन उभ्या असतात त्या आया, अधूनमधून एखादा बाप, आणि बाप मुलांसाठी घरी राहतो त्या दिवसाला तिथे 'पप्पादिवस' असं खास नावही आहे. मम्मीदिवस म्हणजे बाकीचा आठवडाच. १९५७ सुरू होईपर्यंत त्या देशात लग्न झालेली बाई कायद्याने अज्ञान मुलासारखी होती, नवऱ्याच्या सहीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं. न कमावणाऱ्या जोडीदाराला करात जी सवलत मिळायची तिला लोक 'ओट्याचं अनुदान' म्हणत, म्हणजे आपला स्वयंपाकघरातला ओटाच. २००९ पासून ते टप्प्याटप्प्याने काढत आणलं. अर्धवेळची सवय मात्र अनुदानाने लागली नव्हती, त्यामुळे ते काढल्याने ती गेलीही नाही.

आता स्वीडनचं गौडबंगाल. २०१२ मध्ये युरोपच्या मूलभूत हक्क संस्थेने २८ देशांतल्या ४२,००० बायकांना समोरासमोर बसून विचारलं, आणि २०१४ मध्ये आकडे छापले. पंधराव्या वर्षानंतर कधीही शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाली असं सांगणाऱ्या डेन्मार्कमध्ये ५२ टक्के, फिनलंडमध्ये ४७, स्वीडनमध्ये ४६, पोलंडमध्ये १९. जाणकार याला 'नॉर्डिक विरोधाभास' म्हणतात. माझं मत असं की इथे छेद सगळ्या बायकांचा आहे, पण अंशात फक्त बोलणाऱ्या आहेत. ज्या देशात 'नवऱ्याने ढकललं' याला हिंसा म्हणायचं असं बाईला ठाऊक आहे, अनोळखी मुलाखतकाराला सांगितल्याने घरात काही बिघडणार नाही अशी तिची खात्री आहे, तिथे हात वर होणार. पोलिसांकडच्या नोंदींत तर आणखी फरक: स्वीडनमध्ये एकाच माणसाने केलेला प्रत्येक बलात्कार वेगळा नोंदतात, आणि २००५ आणि २०१८ मध्ये कायद्याची व्याख्याही रुंदावली. तरीही 'सगळं फक्त सांगण्यातलंच आहे' म्हणून हात झटकू नयेत. बाहेर वावर जास्त, दारू जास्त, आणि बरोबरीला आलेली बाई न खपणारे पुरुष तिथेही आहेत. व्हिल्नियसच्या निर्देशांकात हिंसेचं क्षेत्र आहे, पण ते मूळ गुणांत धरत नाहीत, बाजूला ठेवतात. ते मला पटतं. नाहीतर बायकांनी तोंड उघडलं की देशाचे गुण घसरले असते.

मोजून काही बदललं का, हा तिसरा प्रश्न. प्रामाणिकपणे सांगायचं तर सुरुवात मोजण्याने झालीच नव्हती. समान वेतनाचं कलम ११९ हे १९५७ च्या रोम कराराइतकं जुनं आहे, आणि ते आलं त्यामागे बायकांच्या प्रेमापेक्षा फ्रान्सच्या कापड गिरण्यांची काळजी जास्त होती: आमच्याकडे समान वेतनाचा कायदा आहे, शेजारी स्वस्तात बायका राबवतील आणि आम्ही बुडू. कलम वीसेक वर्षं कागदावरच राहिलं. १९६६ मध्ये बेल्जियममधल्या हेरस्टालच्या शस्त्र कारखान्यातल्या सुमारे तीन हजार बायका समान पगारासाठी बारा आठवडे संपावर गेल्या. दोन वर्षांनी सबेना विमान कंपनीची हवाई सुंदरी गॅब्रिएल डेफ्रेन हिला चाळिशी गाठली म्हणून घरी बसवलं. त्याच विमानातले पुरुष नोकरीत राहिले, आणि त्यांचा पगारही जास्त होता. तिचं प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं आणि ८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला: कलम ११९ घेऊन कुठलीही बाई थेट आपल्या देशाच्या न्यायालयात उभी राहू शकते. मागची थकबाकी मात्र आधीच दावा लावलेल्यांनाच, कारण सरकारांनी खर्चाचा बागुलबुवा दाखवला. आपल्याकडे एअर इंडियाच्या नर्गेश मिर्झा प्रकरणात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणाला नोकरीवरून काढण्याची अट रद्द केली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर काढायच्या अटीला हात लावला नाही. दोन्ही निकाल एकदा शेजारी ठेवून वाचा.

मोजमापाचं काम या भांडणांच्या नंतर येतं. कुठे कायदा हलला आणि कुठे नुसताच पाळल्यासारखा झाला ते ते दाखवतं. माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त काटा हलवणारी गोष्ट एकच, बापाच्या नावावरची रजा. स्वीडनने १९७४ मध्ये आई-बाप दोघांनाही रजा दिली. कागदावर समान. घेतली कोणी? आयांनी. १९९५ मध्ये त्यांनी एक महिना बापासाठी राखून ठेवला, त्याने घेतला नाही तर बुडाला. २००२ मध्ये दोन, २०१६ मध्ये तीन महिने. आता एकूण दिवसांतला तीसेक टक्के वाटा बाप घेतात. 'घ्या नाहीतर घालवा' म्हटल्यावर आमचे स्वीडिश सहकारी कॅलेंडर घेऊन बसायचे, कारण फुकट मिळणारं सोडायचं कोणाला जिवावर येत नाही? युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात (म्हणजे सदस्य देशांनी आपल्या कायद्यात आणायच्या नियमांत) हेच घेतलं: बापाला दहा दिवस, आणि प्रत्येक पालकाचे किमान दोन महिने जोडीदाराला देता न येणारे. बाकी निर्देशांवर मी इथे वेळ घालवत नाही.

एक मात्र सांगते, तो तुमच्या मुलीच्या थेट कामाचा आहे. २०२३ चा वेतन-पारदर्शकतेचा निर्देश. देशांना तो ७ जून २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायला सांगितलं आहे, इटलीला आणि एस्टोनियालाही. त्यात पगाराचा पट्टा, म्हणजे किमान ते कमाल, मुलाखतीआधी कळवायचा असतो, आणि आधीच्या पगाराबद्दल विचारायला बंदी आहे. आपल्याकडे एचआरचा पहिला प्रश्न 'करंट सीटीसी किती?' असतो. पुण्यातल्या पगारावर वीस टक्के चढवून तालिनचा आकडा ठरला तर ती २१ टक्क्यांत पहिल्या दिवसापासून आत. तिने पुण्याचा आकडा सांगू नये. त्या पदाचा पट्टा विचारावा.

बोलोन्याबद्दल: इटलीची राष्ट्रीय सरासरी बोलोन्याला लावू नका. एमिलिया-रोमान्या हा प्रांत नगरपालिकेच्या पाळणाघरांसाठी नाणावलेला आहे आणि तिथे बायका दक्षिणेपेक्षा कितीतरी जास्त संख्येने कामावर आहेत. तिथे बघायचं ते नोकरी कायम आहे की मुदतीची. मुदतीच्या करारात बाळंतपण आलं तर काय, हे करारात लिहून घ्यावं. तालिनमध्ये कामावर बायका भरपूर, पण नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांच्या मंडळांवर दहांत जेमतेम एक. तेव्हा तिच्या टीमची मॅनेजर कोण आणि तिच्या वरच्या दोन पायऱ्यांवर कोण, हे विचारावं.

आणि दोन्ही ठिकाणी एक प्रश्न सारखाच: गेल्या तीन वर्षांत इथल्या किती पुरुषांनी महिन्याहून जास्त पालकत्व रजा घेतली, आणि परत आल्यावर ते त्याच पदावर आहेत का? उत्तरात आकडा आला तर लिहून घ्यावा. "असे फार नसतात हो" म्हणून समोरचा हसला, तर तेही लिहून घ्यावं.